चालू काम न सोडता सॉफ्टवेअरमध्ये कसं यायचं? मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी

"कोणता क्लास लावू?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. विचारणाऱ्यांत विनाअनुदानित शाळेवर तुटपुंज्या मानधनात शिकवणारे सर असतात, मेडिकलवर बसणारा डी. फार्म. झालेला मुलगा असतो, वाळूजला सीएनसीवर शिफ्ट करणारा ऑपरेटर असतो, एमपीएससी करता करता तिशी गाठलेली पदवीधर मुलगी असते. मी स्वतः मोंढ्यात आडतीच्या दुकानावर हिशोब लिहायचो. आता एका लहान कंपनीत हिशोबाचंच सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या मते क्लासचा प्रश्न यादीत सगळ्यात शेवटी येतो आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत तो येतच नाही. आधी चालू काम टिकवायचं, मग स्वतःला तपासायचं, मग स्वतःच्याच धंद्यातली एखादी अडचण सोडवणारा प्रोग्रॅम लिहायचा आणि तो हातात घेऊन नोकरी मागायला जायचं. या क्रमाने गेलात तर मध्येच सोडून दिलं तरी खिशातलं फारसं जात नाही.

वेळेचं आधीच सांगतो. नोकरी-धंदा सांभाळून रोज दीड-दोन तास दिले तर पहिल्या नोकरीपर्यंत एक ते दोन वर्षं धरा. 'तीन महिन्यांत डेव्हलपर' असे फलक चौकाचौकांत दिसतात. त्यांची कमाई फीवर असते, तुमच्या नोकरीवर नाही. २०२१-२२ मध्ये आयटी कंपन्यांनी धडाधड माणसं घेतली, त्या काळातल्या गोष्टी अजून ऐकवल्या जातात. त्यानंतर नवख्यांची भरती आखडली आणि एआय आल्यापासून साधासुधा कोड लिहिणाऱ्याची किंमत उतरली. दार बंद झालेलं नाही, पण नुसतं 'मला पायथन (प्रोग्रॅम लिहायची एक भाषा) येतं' म्हणून कुणी आत घेत नाही.

आधी महिनाभर फुकटात

पहिल्या महिन्यात शिकवणीवर एक रुपयाही खर्च करू नका. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कोर्स नेटवर फुकट बघता येतो. इंग्रजी ऐकायला जड जात असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प बघा. त्यात पायथन, लिनक्स अशा विषयांचे धडे मराठी आवाजातही आहेत. काही धडे जुन्या आवृत्त्यांवरचे आहेत, पण हात बसवायला ते पुरतात.

नुसते व्हिडिओ बघून काही कळत नाही, म्हणून एक काम देतो. घरचं महावितरणचं बिल काढा. घरगुती वापराचे टप्पे असतात: पहिली १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या दराने, ३०१ ते ५०० तिसऱ्या, त्यापुढे चौथ्या. दर बिलावरच छापलेले असतात. युनिट टाकले की वीज आकार सांगणारा प्रोग्रॅम लिहा. ३४० युनिटांना १०० पहिल्या दराने, २०० दुसऱ्या आणि ४० तिसऱ्या, असं तो वाटून देतो का? बरेच जण सगळ्या ३४० युनिटांना तिसरा दर लावून मोकळे होतात. नेमकी १०० टाकली तर? शून्य टाकलं तर? कुणी उणे पाच टाकलं तर? मग स्थिर आकार जोडा, इतर आकार जोडा आणि छापील बिलाशी रुपया न रुपया जुळेपर्यंत थांबू नका.

हे करताना एखाद्या चुकीवर तासभर अडकाल, ते ठरलेलंच आहे. जेवण झाल्यावर पुन्हा तिथेच जाऊन बसावंसं वाटलं तर पुढे जा. नुसता वैताग आला, महिनाभर रोजच आला, तर हे काम तुमचं नाही. त्यात कमीपणा काही नाही. या धंद्यात दिवसातला बराच वेळ अडकण्यातच जातो, पगार वाढला तरी अडकणं कमी होत नाही.

लॅपटॉप, लाईट, जागा

मोबाईलवर कोडिंग शिकता येतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. व्हिडिओ बघा, वाचा, पण लिहायला कीबोर्ड लागतो. नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही. कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त केलेले लॅपटॉप वीस-पंचवीस हजारांच्या आसपास मिळतात. किमान ८ जीबी रॅम आणि एसएसडी या दोन गोष्टींवर अडून बसा, बाकी चालवून घ्या. बॅटरी किती टिकते ते दुकानातच तासभर चालवून बघा. विंडोज रडतखडत चालत असेल तर उबंटू ही फुकट मिळणारी लिनक्स टाका. तेवढीच लिनक्सची सवय होते.

लाईट जाणार हे धरूनच चाला. डेस्कटॉप टाळा. राउटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या, म्हणजे लाईट गेली तरी वायफाय काही तास चालतं. पायथनची अधिकृत कागदपत्रं उतरवून ठेवता येतात. तालुक्याच्या गावी नेट गेलं तर ते वाचत बसता येतं आणि खरं तर तेव्हाच नीट वाचून होतं.

घरात जागा नसेल तर अभ्यासिका. लातूर, नांदेड, संभाजीनगर इथे त्या गल्लोगल्ली आहेत, आता तालुक्यालाही निघाल्या. आजूबाजूला सगळे पोलीस भरती आणि राज्यसेवेचं घोकत असतात, तुम्ही लॅपटॉप उघडून बसलात की सुरुवातीला माना वळतात. चार दिवसांत सवय होते. टेबलाजवळ प्लग आहे का एवढं बघून मगच महिन्याचे पैसे भरा.

वेळापत्रक हंगाम बघून

पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेल्या वेळापत्रकात 'रोज सकाळी ६ ते ८' असं असतं. आपल्याकडे वर्ष सारखं नसतं. मोंढ्यात सोयाबीन आणि कापसाची आवक सुरू झाली की ऑक्टोबरपासून पुढचे काही महिने रात्री दहालाही वही मिटत नाही. शिक्षकाचा मार्च पेपर तपासण्यात जातो, कृषी सेवा केंद्रवाल्याचा जून बी-बियाण्यात. तेव्हा उगाच रोज दोन तासांचा संकल्प सोडून तो मोडू नका. हंगामात फक्त वीस मिनिटं: जुना कोड वाचायचा, एखादी ओळ सुधारायची, झोपायचं. मोकळ्या महिन्यांत तीन तास. वर्षाची बेरीज तीच येते.

हंगामाचा उपयोग दुसराही आहे. पुढे जो प्रोग्रॅम लिहायला सांगणार आहे तो हंगामाआधी तयार करायचा आणि हंगामात वापरून बघायचा.

काय शिकायचं

पायथन किंवा जावास्क्रिप्ट, दोन्हींतली एक भाषा. वेबसाइट, डोळ्यांना दिसणारं काम आवडत असेल तर जावास्क्रिप्ट. हिशोब, आकडे, फायली आवडत असतील तर पायथन. यावर आठवड्यापेक्षा जास्त विचार करू नका, आणि सहा महिने दुसऱ्या भाषेकडे बघू नका. भाषेच्या जोडीला एचटीएमएल-सीएसएस जेमतेम कामापुरतं, मग डेटाबेससाठी (माहिती तक्त्यांत साठवायची सोय) एसक्यूएल, मग गिट.

एसक्यूएलला नवखे लोक दुय्यम समजतात. माझ्या अनुभवात लहान कंपन्यांच्या मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात, आणि वही-खात्याची सवय असलेल्या माणसाला ते लवकर जमतं. गिट म्हणजे केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन; लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली ते लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. पहिल्या महिन्यापासून वापरा, भले त्यातल्या चारच आज्ञा येत असोत.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. कोडपुरतं लागणारं इंग्रजी फार थोडं आहे आणि तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात. खरी धास्ती असते ती चूक दाखवणाऱ्या लाल अक्षरांतल्या संदेशाची. पायथनमध्ये तो संदेश खालून वर वाचायचा: शेवटच्या ओळीत चूक कोणत्या प्रकारची ते असतं, त्याच्या वर ती कोणत्या ओळीत झाली ते. वहीत दोन रकाने करा, एकात संदेश, दुसऱ्यात तो कशामुळे आला होता. दोन-तीन महिन्यांनी तीच वही तुमचं सगळ्यात उपयोगाचं पुस्तक होते. बोलायचं इंग्रजी हा वेगळा विषय आहे, तो मुलाखतीच्या वेळी.

स्वतःच्या धंद्यातला प्रोग्रॅम

इथे घाई करू नका. नेटवर शिकवणारे सगळ्यांना त्याच त्या कामांच्या यादीचा किंवा हवामान दाखवणाऱ्या पानाचा प्रोग्रॅम करायला लावतात. मुलाखत घेणाऱ्याने ते शेकड्याने बघितलेले असतात. तुमच्याकडे असं काहीतरी आहे जे बावीस वर्षांच्या इंजिनिअरकडे नाही: एखादा धंदा आतून माहीत असणं. माझ्या धंद्याचं उदाहरण घेऊन दाखवतो, तुम्ही तुमचं बघा.

शेतकरी सोयाबीनचे ४२ कट्टे घेऊन आला. काट्यावर २,१५८ किलो भरलं. बारदान्याचं कट्ट्यामागे अर्धा किलो वजा केलं की २१ किलो गेले, राहिले २,१३७. भाव ४,५०० रुपये क्विंटल निघाला, म्हणजे ९६,१६५ रुपये. त्यातून हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल वजा करायची आणि हिशोबपट्टी हातात द्यायची. टर्मिनलवर (नुसत्या अक्षरांच्या काळ्या खिडकीत) आकडे विचारून उत्तर छापणारा पहिला प्रोग्रॅम एका संध्याकाळी लिहून होतो. खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं.

पहिली अडचण पैशांची. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारा, तो ०.३०००००००००००००००४ सांगतो. संगणक दशांश अपूर्णांक फक्त ० आणि १ या दोन अंकांच्या पद्धतीत साठवतो, त्यामुळे हा बारीक फरक राहतो. एका पट्टीत तो दिसत नाही, पण हजार पट्ट्यांची बेरीज रोकडवहीशी ताडताना मालक पैशासाठी अडतो. उपाय जुनाच आहे: रक्कम रुपयांऐवजी पैशांत साठवायची, पूर्णांकात, आणि फक्त छापताना रुपये करायचे.

दुसरी अडचण वजनाची. मुनीम कागदावर '२१.७' लिहितो तेव्हा त्याच्या मनात २१ क्विंटल ७ किलो असतं. संगणकाला ते २१ क्विंटल ७० किलो वाटतं. फरक ६३ किलोंचा, या भावाने २,८३५ रुपयांचा. एवढ्यावरून दुकानात हातघाई होऊ शकते. क्विंटल आणि किलो यांच्यासाठी दोन वेगळे रकाने द्यायचे, आतमध्ये सगळं किलोत ठेवायचं. पुण्यातल्या डेव्हलपरला हे सुचणार नाही, कारण त्याने तशी पट्टी कधी बघितलेली नसते.

तिसरी अडचण आपल्या लिपीची. पायथनला '४२' हा मराठी आकडा दिला तरी तो पूर्णांक म्हणून बिनतक्रार वाचतो. जावास्क्रिप्टला तोच दिला तर तो संख्या नाही म्हणून सांगतो. 'श्री' आपल्याला एक अक्षर वाटतं, पायथन त्याची लांबी चार मोजतो: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. नावाच्या रकान्याला वीस अक्षरांची मर्यादा घातली तर मराठी नावं अर्ध्यात तुटतात. दुकानाची जुनी यादी कृतीदेव किंवा शिवाजी फाँटात टाईप केलेली असेल तर ती युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसते. पडद्यावर मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरं असतात, आणि शोध घेतला तर काहीच सापडत नाही. ती यादी युनिकोडमध्ये आणणारा छोटा प्रोग्रॅम हे स्वतंत्र काम आहे. डीटीपी करणाऱ्यांनी यातूनच सुरुवात करावी.

चौथी अडचण मला सगळ्यात आवडते. पट्टी दिल्यावर भाव चुकल्याचं लक्षात आलं. नवखा माणूस सरळ आकडा बदलतो. पण कोणताही जुना मुनीम वहीत खाडाखोड करत नाही. तो उलटी नोंद टाकतो आणि नवी पट्टी करतो, म्हणजे काय झालं होतं ते दिसत राहतं. डेटाबेसमध्येही तसंच करायचं. बँकांची सॉफ्टवेअरं हेच पाळतात. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही तरी माहीत आहे, कारण तुम्ही तो धंदा केलाय.

आता टप्पे. आधी टर्मिनल, मग फाईलमध्ये साठवणं, मग एसक्यूलाइट (तो डेटाबेस पायथनसोबतच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही), मग फ्लास्क किंवा जँगो ही पायथनची साधनं वापरून ब्राउझरमध्ये उघडणारं पान. त्यानंतर एका खऱ्या दुकानात ठेवा आणि बाजूला गप्प बसून बघा. मुनीम माउसला हात लावत नाही. त्याला एंटर दाबला की पुढचा रकाना हवा असतो. पट्टी अर्ध्या कागदावर छापली पाहिजे. दोन जण एकाच वेळी पट्ट्या करायला बसले की एकच पट्टी क्रमांक दोघांना जातो, आणि मग तुम्हाला डेटाबेसमधल्या ट्रँझॅक्शनचा (नोंदी एकमेकींत न मिसळता पूर्ण करायच्या पद्धतीचा) धडा आपोआप उघडावा लागतो.

मेडिकलवाल्याने बॅच नंबर आणि मुदतीची तारीख धरावी: ज्या औषधाची मुदत आधी संपणार ते आधी विकलं जावं, आणि पुढच्या तीन महिन्यांत कशाकशाची मुदत संपतेय याची यादी एका कळीवर यावी. शिक्षकाने निकालपत्रक घ्यावं, त्यात गैरहजर आणि शून्य गुण यांतला फरक कसा साठवायचा इथपासून विचार करावा लागतो. सीएनसी ऑपरेटर जी-कोडमध्ये (मशीनला हुकूम देणाऱ्या ओळींत) बदल करत असेल तर तो अर्धा प्रोग्रॅमर आहेच. शिफ्टचं उत्पादन, रिजेक्शन आणि मशीन कशामुळे बंद राहिलं याची नोंद त्याने लिहावी.

एक सक्त सूचना. कोड गिटहबवर (गिटमधला कोड ठेवायच्या वेबसाइटवर) टाकताना खऱ्या गिऱ्हाइकांची नावं, मोबाईल, आधार, खाते क्रमांक त्यात जाता कामा नये. बनावट नावं भरा. पासवर्डही कोडमध्ये लिहू नका. एकदा चढवलेला पासवर्ड नंतर पुसला तरी गिटच्या इतिहासात राहतो.

एआय वापरायचं का

वापरायचं, पण शिकण्याच्या काळात त्याच्याकडून कोड लिहून घेऊ नका. स्वतः लिहा, अडकलात की अर्धा तास झगडा, मग विचारा: "ही ओळ का चुकली ते समजाव, दुरुस्त करून देऊ नकोस." मराठीत विचारलं तरी चालतं. त्याने दिलेली एखादी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नसेल तर ती ठेवू नका. मुलाखतीत नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं जातं. आणि आडतीच्या वजनाचा वरचा घोळ एआयला आपणहून सुचेल, यावर मी पैज लावणार नाही.

क्लास, कर्ज आणि बनावट अनुभव

एवढं झाल्यावरही क्लास हवासा वाटला तर लावा. कुणाला वेळेचं बंधन लागतं, कुणाला प्रश्न विचारायला माणूस लागतो, ही रास्त कारणं आहेत. पुण्यात किंवा हैदराबादच्या अमीरपेठेत (तिथला क्लासेसचा भाग) जायच्या आधी गावातल्या क्लासमध्ये दोन दिवस फुकट बसू द्या म्हणा. शिकवणारा स्वतः फळ्याऐवजी संगणकावर कोड लिहून दाखवतो का, चुकला तर सगळ्यांसमोर दुरुस्त करतो का, ते बघा.

फीसाठी 'शून्य व्याजाचा हप्ता' असं सांगतात तेव्हा ते बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. वित्तकंपनी संस्थेला पैसे देऊन मोकळी होते. संस्था बंद पडली, शिकवणारा निघून गेला तरी हप्ते तुमचेच, आणि थकले तर सिबिल खराब. मग पुढचं कर्ज मागताना अडू शकतं. सही करण्याआधी कर्ज कुणाच्या नावाने आहे ते वाचा. 'नोकरी लागल्यावर फी द्या' या करारातही नोकरी कशाला म्हटलंय ते वाचा. दहा हजारांचं कॉल सेंटरही त्यात बसत असेल. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. ऑनलाइन पैसे उडाले असतील तर लगेच १९३०.

'दोन-तीन वर्षांचा अनुभव दाखवून देतो' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. कंपन्या पीएफचा यूएएन क्रमांक आणि त्यावरचा नोकरीचा इतिहास तपासतात. नोकरी लागल्यावर काही महिन्यांनी उघड झालं तर त्याच दिवशी बाहेर काढतात. आणि नोकरीसाठी पैसे मागणारा, मग तो अनामत म्हणो की ट्रेनिंग चार्ज, नोकरी देणारा नसतो. गुत्तेदारीतली टक्केवारी बघून आपल्याला पैसे देण्याचं काही वाटेनासं झालंय, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

पदवीचं काय

लहान कंपन्यांना पदवी कोणती याचं फारसं घेणंदेणं नसतं. कोणतीतरी असलेली बरी. बारावीनंतर शिक्षण सुटलं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे संगणकाचे अभ्यासक्रम आहेत. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्समधला ऑनलाइन बी. एस. अभ्यासक्रम जेईईशिवाय आणि वयाच्या अटीशिवाय करता येतो, उत्पन्न गटानुसार फीत सवलत मिळते, पण परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात आणि गणित सोपं नाही. नायलिट या केंद्र सरकारच्या संगणक प्रशिक्षण संस्थेचं केंद्र संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात आहे. सिव्हिल-मेकॅनिकलच्या इंजिनिअरांनी सी-डॅक या सरकारी संस्थेच्या पीजी-डॅक या पदविकेची पात्रता बघावी. त्याला सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा असते. एमएस-सीआयटी डेव्हलपरच्या कामासाठी कुणी विचारत नाही.

नोकरी शोधताना

मोठ्या कंपन्यांच्या नवख्यांच्या भरतीत उत्तीर्ण झाल्याचं वर्ष आणि दहावीपासूनच्या टक्क्यांची अट असते. तिशीतल्या माणसाचा अर्ज तिथे माणसाच्या नजरेला पडायच्या आधीच गळतो. तिथे वेळ घालवू नका. तुमच्या जुन्या धंद्याला सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांची यादी करा: आडत, जिनिंग, साखर कारखाने, पतसंस्था, शाळा, औषध दुकानं, दवाखाने. तुम्ही काम करता तिथल्या बिलाच्या तळाशी सॉफ्टवेअरवाल्याचं नाव छापलेलं असतं, सुरुवात तिथूनच करा. दुरुस्तीसाठी येणाऱ्या त्यांच्या माणसाशी ओळख असेल तर तोच तुमचा संदर्भ.

थेट डेव्हलपरची जागा मिळाली नाही तर सपोर्ट, टेस्टिंग किंवा इम्प्लिमेंटेशनची घ्या. इम्प्लिमेंटेशनवाला पतसंस्थेत किंवा कारखान्यात जाऊन सॉफ्टवेअर बसवतो, कर्मचाऱ्यांना शिकवतो, त्यांच्या शिव्या खातो. धंदा कळणाऱ्या माणसाची तिथे गरज असते आणि वर्षभरात आतून कोडकडे सरकता येतं. मात्र घेतानाच विचारा की तुमच्याकडे असं कुणी सरकलंय का. टॅली येत असेल तर टॅलीत बदल करायची टीडीएल ही भाषा शिकून स्थानिक टॅली भागीदाराकडे काम मिळू शकतं. हिशोबनीसासाठी ही सगळ्यात जवळची वाट.

गावाचा हिशोबही करा. नांदेडच्या माणसाला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ आहे. संभाजीनगरात लहान आयटी कंपन्या आहेत. पगार पुण्यापेक्षा कमी असतो, पण घरून डबा येतो. पहिला पगार आताच्या कमाईपेक्षा कमी निघू शकतो. म्हणून घर सोडण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, आणि पेरणीच्या किंवा बहिणीच्या लग्नाच्या तोंडावर राजीनामा देऊ नका. घरच्यांना 'आयटीत चाललोय' असं मोघम सांगू नका. किती महिने, किती पैसे, नाही जमलं तर परत कुठे, हे कागदावर लिहून दाखवा. वडीलधाऱ्यांचा विरोध बहुतेक वेळा या तीन आकड्यांपाशी येऊन मऊ होतो.

मुलाखतीत तुमच्या प्रोग्रॅमवरच बोलणं आणा. तो इंग्रजीत पाच मिनिटं सांगायचा सराव आरशासमोर नको, मोबाईलवर रेकॉर्ड करून करा. साधी, छोटी वाक्यं पुरतात. एसक्यूएलमध्ये 'या हंगामात एकही पट्टी न केलेले जुने शेतकरी काढा' अशा धर्तीचा प्रश्न हमखास येतो. त्याला बहुतेकदा लेफ्ट जॉइन (दोन तक्ते जोडायची एक रीत) वापरतात, तो हाताने लिहून सराव करा. वयावर, 'इतकी वर्षं काय करत होतात' यावर प्रश्न आला तर खजील होऊ नका, २१.७ चा किस्सा सांगा. हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या माणसाला तो लगेच कळतो.

ऑफर लेटर आलं की महिन्याला हातात किती पडणार ते वेगळं लिहून मागा, वर्षाच्या सीटीसीवर (तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च) जाऊ नका. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि मोडला तर किती रुपये, प्रोबेशनमध्ये नोटीस किती दिवसांची, हे वाचा. मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर फक्त दाखवून परत आणा, साक्षांकित प्रती द्या. आणि जुन्या मालकाला हंगामाच्या मध्यावर सोडून जाऊ नका. नव्या कंपनीकडून पंधरा दिवस मागून घ्या, बहुतेक जण देतात. मोंढ्यातलं ते दुकान तुमचं पहिलं गिऱ्हाईक आहे, त्याच्याकडचा प्रोग्रॅम पुढच्या हंगामात बंद पडला तर फोन तुम्हालाच येणार आहे.